छतावरून भिंतीवर

टीव्हीमागची भिंत गडद रंगवायची आणि तिच्यावर एमडीएफच्या उभ्या पट्ट्या बसवायच्या, ही नव्या फ्लॅटांतली हौस जुन्या नगरी सुताराला चमत्कारिक वाटली असती. त्याच्या काळी लाकडाची शोभा डोक्यावर असे.

त्याचं कारण पाऊस. पश्चिमेकडचा अकोले तालुका सोडला, तर अहिल्यानगर जिल्ह्याचा बहुतेक मुलूख पर्जन्यछायेत येतो. उतरत्या छपराची निकड नाही, म्हणून घरांवर माळवद. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. हा सगळा भार लाकडाने पेलायचा. ऐपतदार मग तेच लाकूड कोरून घेत: सुरूच्या घाटाचे सागवानी खांब, महिरपीतून लोंबणारं केळफूल, कड्या झाकणारी तक्तपोशी. जाड भिंतींच्या वाट्याला कोनाडे आणि चुन्याचा गिलावा. १५८३ साली पुरा झालेल्या नगरच्या निजामशाही फराहबाग महालातही भिंतींची सजावट चुन्यातलीच.

अशा ऐपतदारांतच पेशवाई गमावलेले राघोबादादा येतात: सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये त्यांना महिना २५ हजारांची नेमणूक मिळाली आणि ते याच जिल्ह्यात, गोदाकाठी कोपरगावला राहायला आले. ११ डिसेंबर १७८३ रोजी ते वारले. राजकारणातून उठवलेल्या माणसालाही राहणी पेशव्याचीच हवी होती! त्यांच्या वाड्यात पुढे इंग्रजांनी सरकारी कचेऱ्या थाटल्या.

इंग्रजी अमलात मंगलोरी कौलं आणि लोखंडी तुळया आल्या, नंतर सिमेंटचा स्लॅब. छताला लाकूड लागेनासं झालं आणि तक्तपोशीचं काम बसलं. पुढे वाटण्या झाल्या, वाडे पाडले गेले, खांब-दरवाजे जुन्या लाकडाच्या भावाने विकले गेले. दिनकर केळकरांसारख्या संग्राहकाने पुण्यात कोरीव दरवाजे जमवले, म्हणून निदान तेवढे पाहायला उरले. कोथरूडचा मस्तानी महालही त्यांच्याच संग्रहालयात पुन्हा उभा आहे.

आजची पट्टी काहीच पेलत नाही. ती निव्वळ सजावट आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण तिची जाडी, दोन पट्ट्यांमधलं अंतर, कोपऱ्यातला जोड कशाशीच बांधलेले नसतात. म्हणून ती बरेचदा चिकटवल्यासारखी दिसते. वाड्यात कडीचं अंतर वरच्या मातीच्या वजनाने ठरे, आणि नक्षी त्या मापात बसे.

घरी अशी भिंत करणार असाल, तर आधी गावातला एखादा उभा वाडा मान वर करून बघा. आणि घरचाच वाडा उतरवायची वेळ आली असेल, तर कोरीव तुळया वखारीत जाण्यापूर्वी जाणत्या सुताराला दाखवा.