चित्रांतले अर्थशास्त्र

विद्वान वडिलांच्या ग्रंथसंग्रहात एक लहान मुलगा तासन्‌तास रमत असे. मजकूर त्याच्या आवाक्याबाहेरचा. पण चित्रे त्याची त्यालाच उमगत. व्हिएन्नाच्या संग्रहालयातील प्राचीन इजिप्तच्या चित्रांपुढेही तो असाच खिळून राही. हा मुलगा म्हणजे १८८२ साली जन्मलेला ऑटो नॉयराथ.

पुढे तो अर्थशास्त्रज्ञ झाला. १९१९ साली, क्रांतीच्या धामधुमीत, बव्हेरियातील अर्थनियोजनाचे काम त्याने पत्करले आणि त्यापायी कारावासही भोगला. व्हिएन्नास परतल्यावर त्याने पाहिले की, महायुद्धाने खंगलेल्या त्या शहराची नगरपालिका कामगारांसाठी घरे उभारीत आहे, क्षयाशी झुंजत आहे. पण ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे, त्यांना आकड्यांचे तक्ते उमगत नाहीत. हिशेब न कळणाऱ्या नागरिकाचे मत असून नसल्यासारखेच. म्हणून १९२५ साली त्याने समाज व अर्थव्यवहार यांचे संग्रहालय स्थापिले.

आकडे चित्रांत मांडण्याची हौस जुनीच होती. पण तीत एक मोठी खोट असे. एका देशात गहू दुप्पट पिकला, की चित्रकार पोते दुप्पट उंच काढी. उंचीबरोबर रुंदीही वाढे आणि कागदावरील जागा चौपट होई. खरेखुरे पोते कल्पिणाऱ्या मुलाला तर तो गहू आठपट वाटे! नॉयराथचा नियम अगदी साधा होता : पोते तेवढेच ठेवावे, पण दोनदा काढावे. मुलाने बोट ठेवून मोजावे.

हे साधेपण मात्र कष्टसाध्य होते. आकड्यांच्या जंजाळातून नेमके काय दाखवावयाचे, हे मारी राइडेमाइस्टर ठरवी; गेर्ड आर्न्ट्‌झ चिन्हे कोरी. १९२९ साली या मंडळींनी ‘रंगीबेरंगी जग’ अशा अर्थाच्या नावाचे मुलांसाठी चित्रपुस्तक काढले. व्हिएन्नाच्या शाळांतील मुले तर स्वतःच कागदी चिन्हे चिकटवून असे तक्ते करू लागली. अचूक आकडा विसरून जाण्यापेक्षा ढोबळ चित्र ध्यानात राहिलेले बरे, असे नॉयराथ मानी.

आक्षेपाला जागा आहेच. चित्र ‘किती’ ते सांगते. ‘का’ ते सांगत नाही. एका रांगेत दहा पोती आणि दुसऱ्या रांगेत दोनच का, हे मुलाने विचारले, तर तक्ता मूक राहतो. पण तो प्रश्न मुलाला पडला, हे काय थोडे झाले?

१९३४ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियात यादवी भडकली आणि नव्या राजवटीत संग्रहालय नॉयराथच्या हातून गेले. तो त्या वेळी मॉस्कोत होता. तेथून तो हेगला गेला. पुढच्याच वर्षी या पद्धतीला ‘आयसोटाइप’ हे नाव मिळाले. १९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या, तेव्हा नॉयराथ आणि मारी एका खचाखच भरलेल्या जीवरक्षक नौकेतून समुद्रात निघाली व इंग्लंडला पोहोचली. तेथे त्यांना काही महिने स्थानबद्धता भोगावी लागली. १९४१ साली त्यांचा विवाह झाला.

१९४५ च्या डिसेंबरात नॉयराथ वारला. मारीने पुढे कित्येक वर्षे मुलांसाठी चित्रपुस्तके रचली. तिच्या एका मालिकेत प्राचीन लोक कसे जगत, हे चित्रांतून दाखविले आहे. त्या मालिकेत एक पुस्तक इजिप्तवर आहे.