छर्रे आणि अस्थिर जमीन

सायकलच्या चाकातले छर्रे लहानपणी आपण सर्वांनीच तळहातावर फिरवून पाहिलेले असतात. तसेच, परंतु अधिक काटेकोर छर्रे रेकॉर्ड प्लेअरखाली ठेवण्याची रीत काही संगीतप्रेमींत रूढ आहे. हौशी माणसांचा चाळा म्हणून ती सोडून देता येईल. परंतु छर्‍याचा इतिहास हा अस्थिर जमिनीचाही इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

१८७० साली सान फ्रान्सिस्कोच्या ज्यूल तुआयाँ याने भूकंपापासून इमारती वाचविण्यासाठी एक पेटंट घेतले. समोरासमोर दोन उथळ वाट्या आणि मध्ये गोळा. जमीन आडवी हलली की गोळा घरंगळावा आणि इमारतीला हिसका कमी बसावा, ही त्यामागील कल्पना. पुढे १९०७ साली स्वीडनमधील गोथेनबर्गच्या कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट याने स्वतःला जुळवून घेणारे बॉल बेअरिंग घडविले, कारण तिथली भुसभुशीत जमीन खचून यंत्रांचे दांडे वाकडे होत. जमीन स्थिर असते, हे गृहीतक दोघांनीही सोडून दिले होते.

ध्वनियंत्राखाली तुआयाँचीच रचना लहान होऊन येते. वाट्यांच्या वक्रतेची त्रिज्या १५० मिलिमीटर आणि छर्‍याचा व्यास १२ मिलिमीटर असेल, तर वरचे यंत्र एका सेकंदाहून किंचित अधिक काळात एक झोका घेते, मग त्याचे वजन कितीही असो. याहून पुष्कळ जलद असे आडवे कंप वर फारसे पोहोचत नाहीत. उभे कंप मात्र छर्‍यातून जसेच्या तसे वर जातात. त्यांच्यासाठी रबर किंवा स्प्रिंगच हवी.

निवड करताना ग्राहक छर्‍याची ग्रेड पाहतो. ग्रेड १० म्हणजे गोलाईतील चूक पाव मायक्रॉनच्या आत. हे माप नाशिककरांना परके नाही. सातपूरला डिझेल इंजिनांचे नॉझल अशाच बारकाईने घडतात. तथापि मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत सर्वोत्तम छर्राही खळगा पाडून अडकून बसतो. म्हणून कडक, गुळगुळीत पोलादी वाटी आणि एकाच व्यासाचे तीन छर्रे, एवढी काळजी ग्रेडहून महत्त्वाची.

हा खटाटोप कशासाठी? ज्यांचे बालपण नाशिकशी जोडलेले होते, ते द. वि. पलुस्कर १९५५ साली अवघ्या ३४व्या वर्षी गेले. त्यांचे गाणे आपल्याकडे मोजकेच उरले आहे. ७८ फेर्‍यांच्या तबकडीची खाच आडवी नागमोडी असते. सुई आडवी हालचालच स्वर म्हणून वाचते. त्यामुळे रस्त्यावरून गेलेल्या ट्रकचा आडवा कंपही तिला गाण्याचाच भाग वाटू शकतो. तबकडीवरची खरखर तिच्या इतिहासाची आहे, ती राहू द्यावी. ट्रकचा कंप आपल्या काळाचा आहे. जुन्या पोथीचे संपादन करणाराही हाच भेद जपतो: पोथीतील डाग नोंदवावेत, आपल्या हाताची शाई मात्र तिला लागू देऊ नये.