चाळीचे उत्पन्न

मुंबईत १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी कापडगिरणीचा पहिला उपक्रम आरंभिला, आणि पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा या भागांत गिरण्यांची धुराडी जसजशी वाढत गेली, तसतसे कोकणातून व देशावरून आलेल्या श्रमिकांना पाठ टेकण्यापुरती जागा भाड्याने देणे हाच एक स्वतंत्र आणि किफायतशीर व्यवसाय होऊन बसला. गाठीशी थोडेफार द्रव्य असलेल्या व्यापाऱ्याला, अडत्याला किंवा वतनदाराला जमिनीच्या सारावसुलीपेक्षा चाळीचे उत्पन्न अधिक शाश्वत वाटे. कारण पाऊस पडो वा न पडो, गिरणीचा भोंगा रोज वाजत होता आणि खोलीला गिऱ्हाईक हटकून मिळत होते.

ही खोली बहुधा दहा बाय बारा फुटांची, कोपऱ्यात मोरी, पुढे सामाईक सज्जा आणि मजल्याच्या टोकाला सर्वांत मिळून संडास, अशी असे. महिन्याच्या आरंभी मालकाचा मेहता वही काखोटीला मारून जिना चढे, भाडे मोजून घेई आणि भाडेकरूचे नाव, खोलीचा क्रमांक व महिना घातलेली पावती फाडून हाती देई. त्या वेळी हा चिटोरा केवळ पैसे पोहोचल्याची खूण होता. परंतु पुढे या शहरात त्याला जे मोल आले, ते कित्येक खरेदीखतांनाही आले नसेल.

हे उत्पन्न शाश्वत आहे, या समजुतीला पहिला तडा १८९६ च्या प्लेगने दिला. माणसे गावोगाव पांगली, खोल्या ओस पडल्या, आणि दाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या इमारती पाडण्याचा अधिकार घेऊन १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अवतरला. सरकारलाही घरमालक होणे सोपे गेले नाही. १९२० मध्ये स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. तथापि वरळीकडील पुष्कळ खोल्या प्रारंभी रिकाम्या राहिल्या, कारण गिरणीपासूनचे अंतर आणि भाडे ही दोन्ही कामगाराला परवडत नव्हती. पक्के बांधकाम करूनही भाडेकरू येत नाही, हा अनुभव ज्यांनी डोळसपणे पाहिला त्यांनी पुढे चाळीसाठी जागा घेताना भिंतीच्या जाडीआधी कामाच्या ठिकाणाचे अंतर मोजले असावे, असे मला वाटते.

परंतु मालकवर्गाचे सारे गणित उलटवले ते भाडेनियंत्रणाने. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, तात्पुरता म्हणून आलेला निर्बंध पुढे निराळ्या रूपांत परतला, आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे चालू होते तेच सामान्यतः प्रमाणभूत भाडे ठरविले. हा कायदाही मुदतीचा होता. मुदत मात्र पुनःपुन्हा वाढत राहिली. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या आणि बेघरांच्या त्या दिवसांत गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर राखणे हे सरकारचे कर्तव्यच होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु तात्कालिक उपाय अर्धशतक तसाच ठेवल्याने मालक आणि भाडेकरू दोघांचेही अकल्याण झाले, हेही तितकेच खरे आहे.

भाडे गोठले, परंतु जागेची किंमत गोठली नाही. या दोहोंतील तफावतीतून पगडी जन्मास आली. नवा भाडेकरू जुन्याला रोख रक्कम मोजी, त्यातील ठराविक हिस्सा, बहुधा एकतृतीयांश, मालकाकडे जाई, आणि मग मालक पावती नव्या नावावर करून देई. अशी रक्कम घेणे कायद्याने गुन्हा असल्याने व्यवहार तोंडी होई, आणि पुराव्यादाखल मागे उरे ती फक्त भाडेपावती. इकडे आठ-दहा रुपये भाड्यात छपराची कौलेही बदलता येईनात. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापून उपकर बसविण्यात आला आणि अशा इमारतींची अ, ब, क अशी वर्गवारी झाली. त्यातील ‘अ’ वर्गाची सीमारेषाही तीच, १ सप्टेंबर १९४०.

गोठलेल्या भाड्याचे समर्थन आता होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने पगडीच्या रकमेला कायदेशीर मान्यता दिली आणि भाड्यात दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली. आठ रुपयांच्या खोलीवर ही वाढ पहिल्या वर्षी बत्तीस पैसे होते.

म्हणूनच आज जो कोणी गिरगाव-दादरकडची जुनी इमारत, किंवा तिच्यातील पगडीची एखादी खोली, घेऊ पाहतो, त्याने मालमत्ता पत्रक आणि बोजाचा शोध यांबरोबरच मालकाची भाडेवही व पावत्यांची साखळी मागून घ्यावी. पावती कोणाच्या नावावर आहे, प्रत्यक्षात राहते कोण, पोटभाडेकरूचा वाद न्यायालयात आहे काय, उपकराची इमारत कोणत्या वर्गातली आणि घरपट्टी कधीपासून थकलेली, हे समक्ष विचारावे, आणि शक्य झाल्यास बयाणा देण्यापूर्वी एका सायंकाळी सज्जातल्या माणसांशी बोलून यावे. कारण पुनर्विकासाच्या कागदावर सही त्यांचीही लागणार आहे.