रोमच्या नळांवरील चाकरवर्ग व अकस्मात् प्रसंगींची तैनात

शहराच्या पाण्याचा नळ कामाची वेळ पाहून फुटत नाहीं. अशा वेळीं धांवून जाणारीं माणसें कोणीं, कोठें व कोणत्या शिस्तीनें सज्ज ठेवावीं, याविषयीं प्राचीन काळचा जो स्पष्ट लेख आमच्या वाचनांत आला, तो सेक्स्टस यूलियस फ्रॉन्टिनस याचा होय. हा पूर्वीं ब्रिटनचा सुभेदार होता. इ. स. ९७ सालीं बादशहा नेर्वा यानें त्यास रोमच्या पाणीखात्याचा मुख्य नेमिलें. हाताखालच्यांच्या तोंडाकडे पाहून कारभार करणें लाजिरवाणें, अशा समजुतीनें त्यानें खात्याची सारी माहिती स्वतः जमवून लिहून काढिली.

पोथ्यांच्या संग्राहकांस येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा ग्रंथ आपणांस मिळाला तो एकाच पोथीच्या आधारानें. इटलींतील मोंते कासीनोच्या मठांत १२ व्या शतकांत पीटर डीकन यानें लिहिलेली ही पोथी पोज्जो ब्राच्चोलीनी यास १४२९ सालीं सांपडली; बाकीच्या प्रती तिच्यावरूनच उतरलेल्या आहेत. फेब्रुवारी १९४४ मध्यें बाँबवर्षावानें मठ जमीनदोस्त झाला. परंतु ग्रंथसंग्रह आदल्याच वर्षीं रोमकडे हलविला होता, म्हणून पोथी बचावली.

आतां मूळ मुद्दा. नळांवर गुलामांचीं दोन पथकें होतीं. एक सरकारी, सुमारें २४० माणसांचें. तें मूळ अग्रिप्पाचें खासगी होतें, त्याच्या मागें ऑगस्टसकडे आलें व त्यानें तें सरकारजमा केलें. दुसरें बादशाही, ४६० माणसांचें, क्लॉडियसनें उभें केलेलें. दोहोंत कारभारी, हौदकरी, गस्तवाले, फरसबंदी करणारे, गिलावा करणारे व इतर कारागीर असत. फ्रॉन्टिनस म्हणतो कीं, यांपैकीं कांहीं शहराबाहेर असावेत. काम मोठें नसलें तरी तेथें मदत लवकर पोंचावी लागते. शहरांतील माणसांचीं ठाणीं वाटपाच्या हौदांपाशीं व कारंजांपाशीं असावींत; हेतु हा कीं, अकस्मात् प्रसंग ओढवल्यास अनेक पेठांचें पाणी गरजेच्या पेठेकडे वळवितां यावें.

‘रात्र’ हा शब्द या ठिकाणीं नाहीं, तेव्हां रात्रपाळी होती असें ठासून सांगणें धाडसाचें होईल. परंतु अकस्मात् प्रसंगांतून रात्र वगळली होती, असें मानण्यासही आधार नाहीं. आमच्या मतें येथील योजना वेळेवर बसविलेली नसून जागेवर बसविलेली आहे. गुलामास हक्काची सुटी नव्हती. त्यामुळें जादा वेळेचा मोबदला हा प्रश्नच तेथें उठत नाहीं. ही त्या व्यवस्थेची काळी बाजू होय, आणि तिची स्तुति करणारे लेखक ती सहसा विसरतात.

खरें दुखणें निराळेंच होतें. मुकादमांच्या मर्जीनें किंवा हयगयीनें ही माणसें खासगी कामांवर राबत. ठाण्यावर माणूसच नसेल तर प्रसंगीं धांवणार कोण? यावर फ्रॉन्टिनसनें उपाय केला तो दफ्तरी आहे : उद्यां कोणीं काय करावयाचें तें आदल्या दिवशीं सांगावें, आणि झालेलें काम रोजच्या रोज लिहून ठेवावें. पैशाचीही तीच कथा. पाण्याच्या हक्कांपासून सुमारें अडीच लक्ष सेस्टर्स उत्पन्न येई. तें डोमिशियननें आपल्या तिजोरींत ओढलें होतें, नेर्वानें परत दिलें. सरकारी पथकाचा खर्च सरकारी खजिन्यांतून चाले, बादशाही पथकाचा व शिशाचा बादशाही तिजोरींतून.

रात्रीच्या चाकरीचा निःसंशय पुरावा हवा असेल, तर तो ऑगस्टसनें इ. स. ६ मध्यें स्थापिलेल्या आग विझविणाऱ्या पहारेकऱ्यांच्या सात पलटणींत शोधावा. सातव्या पलटणीच्या एका चौकीच्या भिंतींवर तिसऱ्या शतकांतील शिपायांनीं ओरखडलेला मजकूर एकोणिसाव्या शतकांतील उत्खननांत निघाला. त्यांत एकानें लिहिलें आहे कीं, आपण थकलों, बदली माणूस द्या. हा मजकूर आतां बहुतेक झडून गेला आहे. नकला राहिल्या आहेत. फ्रॉन्टिनसच्या साऱ्या ग्रंथांत चाकराचा स्वतःचा असा एकही शब्द नाहीं, म्हणून या ओळीचें मोल आम्हांस अधिक वाटतें.

नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजहून पुण्यांत नळ आणला गेला. त्याचे हौद व उच्छ्वास वाचकांच्या परिचयाचे आहेत. त्या नळाच्या डागडुजीवरील माणसांच्या हजिऱ्या, नेमणुका किंवा तक्रारींचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या, अशी आमची विनंति आहे.