दुबईचा उन्हाळा : सवयीच्या भरवशावर राहू नका

मे महिन्याची सुटी लागली की मुंबई-पुण्याहून दुबईला निघणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढते. विमानप्रवास जेमतेम तीन तासांचा, भारतीय जेवण सहज मिळणारे, हिंदी बहुतेक ठिकाणी समजणारी आणि उन्हाळ्यामुळे हॉटेलांचे दरही उतरलेले. उन्हाचा विषय निघालाच तर ‘आपल्याला काय, उन्हाची सवयच आहे’ असे म्हणून तो बाजूला सारला जातो. या एका समजुतीतूनच सहलीतल्या बहुतेक तक्रारी सुरू होतात.

घरी उन्हाळा सुसह्य होतो तो केवळ शरीर सरावले म्हणून नव्हे. दुपारी बाहेर न पडणे, हलके जेवण, ताक, पन्हे, थोडी वामकुक्षी हा आपला दिनक्रम त्यात मोठा वाटा उचलतो. सहलीला गेलेला माणूस नेमका हाच दिनक्रम मोडतो. चार दिवसांत सर्व पाहून घ्यायचे म्हणून भर दुपारी फिरतो, स्वच्छतागृह शोधावे लागेल म्हणून पाणी टाळतो आणि रात्री उशिरा जड जेवतो. नव्या हवामानाशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. सहल त्याआधीच संपलेली असते.

जून २०२४ मध्ये हजयात्रेच्या काळात शेजारच्या सौदी अरेबियात, मक्केत, पारा ५१.८ अंश सेल्सिअसवर गेला. तेथील सरकारने जाहीर केल्यानुसार १,३०१ यात्रेकरू मरण पावले. त्यांत इजिप्तसारख्या उष्ण देशातून आलेले लोक मोठ्या संख्येने होते. मृतांपैकी बहुसंख्यांकडे अधिकृत परवाना नव्हता आणि पुरेशा निवाऱ्याविना त्यांना उन्हात लांबवर चालावे लागले होते. सवय होती, सावली आणि विश्रांती नव्हती.

उष्मा आणि दमटपणा

आपल्याकडे जूनमध्ये पाऊस येतो आणि हवा निवते. दुबईत त्याच सुमारास खरा उन्हाळा सुरू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचे कमाल तापमान चाळीस अंशांच्या वर असते आणि रात्रीही ते तिशीच्या खाली क्वचितच उतरते. शिवाय आखाती समुद्रावरून येणारी हवा दमट असते. घाम आल्याने शरीर थंड होत नाही, तो सुकल्याने होते. हवेत बाष्प भरपूर असेल तर घाम नुसता ओघळतो आणि उष्णता अंगातच राहते. त्यामुळे विदर्भातील कोरड्या उन्हाळ्याचा अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही आणि मुंबईच्या घामट हवेला तेथील तापमानाची जोड मिळालेली नसते.

दिवसाची आखणी

१५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत उघड्यावर, थेट उन्हात कष्टाचे काम करवून घेण्यास संयुक्त अरब अमिरातीत बंदी असते. पर्यटकानेही तोच नियम स्वतःला लावून घ्यावा आणि सकाळी दहानंतर उघड्यावरचे फिरणे आवरते घ्यावे. जुन्या दुबईतील बाजार, खाडीवरची अब्रा नावेची फेरी हे सर्व सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर करावे. बुर्ज खलिफा, मत्स्यालय, संग्रहालये दुपारसाठी ठेवावीत. ग्लोबल व्हिलेज आणि मिरॅकल गार्डनसारखी खुली ठिकाणे भर उन्हाळ्यात बंद असतात, हे सहलीचे पैसे भरण्यापूर्वी पाहून घ्यावे.

पहिले दोन दिवस कार्यक्रम कमीच असावा. वातानुकूलित दालनांतून एकदम उन्हात आणि पुन्हा आत, असे दिवसभर होत असते. आतल्या गारव्यासाठी एखादी ओढणी किंवा पातळ जाकीट जवळ असावे. बाहेर सैल, सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रुंद काठाची टोपी उत्तम.

पाणी आणि आहार

तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. घाम खूप येत असेल तर पाण्याबरोबर क्षारही हवेत. जलसंजीवनीची पाकिटे भारतातूनच न्यावीत. तेथील दुकानांत ‘लबन’ या नावाने ताकासारखे पेय मिळते, तेही चांगले. चहा-कॉफी बेताने घ्यावी, मद्य उन्हाच्या दिवसात टाळावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच वाढवावे.

औषधे : प्रकृती आणि कायदा

रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढवणारी औषधे, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि काही मानसोपचाराची औषधे यांमुळे उन्हाचा त्रास वाढू शकतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. औषध परस्पर बंद करू नये. इन्सुलिन हातातल्या सामानात ठेवावे आणि उन्हात उभ्या गाडीत कधीही विसरू नये.

कायद्याचा भागही तितकाच महत्त्वाचा. कोडिन असलेली खोकल्याची औषधे, ट्रॅमाडॉल, झोपेच्या व चिंतेवरील काही गोळ्या तेथे नियंत्रित आहेत. अशी औषधे नेण्यासाठी सरकारी संकेतस्थळावरून पूर्वपरवानगी घ्यावी लागते. सर्व औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. आणखी एक गोष्ट मराठी घरांनी लक्षात ठेवावी : खसखस नेण्यास तेथे बंदी आहे. नातेवाइकांसाठी नेलेले अनारसे किंवा खसखस घातलेला मसाला विमानतळावर गंभीर प्रकरण ठरू शकतो. विड्याची पानेही नेऊ नयेत.

सफारी, उंट आणि समुद्र

वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उसळत जाते ती सफर गर्भवती, हृदयरोगी आणि पाठीच्या-मणक्याच्या विकाराच्या व्यक्तींनी टाळावी. इतरांनीही भरपेट खाऊन जाऊ नये. मर्स हा श्वसनविकार २०१२ मध्ये सौदी अरेबियात प्रथम आढळला. त्याच्या विषाणूचा संबंध उंटांशी आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचे किंवा फुफ्फुसाचे जुने दुखणे असणाऱ्यांनी उंटांच्या जवळ जाऊ नये. इतरांनी स्पर्शानंतर हात धुवावेत. उंटिणीचे कच्चे दूध कोणीच पिऊ नये. समुद्रावर लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नये.

उष्माघात ओळखा

भोवळ, डोकेदुखी, मळमळ, पायांत गोळे आणि भरपूर घाम ही पहिली सूचना. रुग्णाला सावलीत आडवे करून पाय थोडे उंच ठेवावेत आणि क्षारयुक्त पाणी द्यावे. अर्ध्या तासात बरे वाटले नाही, किंवा बोलणे असंबद्ध झाले, चालताना तोल जाऊ लागला, शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम असला तरीही तो उष्माघात असू शकतो.

अशा वेळी ९९८ वर रुग्णवाहिका बोलवावी, पोलिसांसाठी ९९९. ती येईपर्यंत थांबू नये. जादा कपडे काढून अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा. मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा उपयोग होत नाही, उलट अपाय होऊ शकतो.

निघण्यापूर्वी

• प्रवासविमा घ्यावा आणि जुने आजार त्यात लपवू नयेत. परदेशातील इस्पितळाचा खर्च मोठा असतो.

• आजार, औषधे आणि रक्तगट लिहिलेला इंग्रजी कागद प्रत्येकाच्या खिशात असावा.

• लहान मूल किंवा वृद्ध व्यक्ती यांना थांबलेल्या गाडीत ‘दोन मिनिटे’ही ठेवू नये.

• तारखा बदलणे शक्य असेल तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा.

तारखा बदलता येत नसतील तर निदान दुपार बदलावी. घरातील वडीलधारी मंडळी उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडू देत नसत, तो शिरस्ता पासपोर्टबरोबर बॅगेत ठेवला की सहल सुखाची होते.