सिल्वासाची मुक्ती आणि तीन धावपट्ट्या

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या संग्रामाची हकिकत मराठी माणसास बऱ्यापैकी ठाऊक आहे. सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे, विश्वनाथ लवंदे ही नावे तिच्याशी कायमची जोडली गेली आहेत. लता मंगेशकर यांच्या गाण्याच्या कार्यक्रमातून उभा राहिलेला निधी, भर पावसाळ्यातील चिखल, अपुरी शस्त्रे आणि अंधारातील कूच यांचे वर्णन पुन्हा पुन्हा होत आले आहे. या साऱ्या कथनात विमानाचा उल्लेख कोठेही नाही, आणि तो असण्याचे कारणही नाही. कारण विमान त्या लढ्यात नव्हतेच. परंतु त्या लढ्याच्या परिणामी एक विमान कंपनी जन्मास आली आणि पश्चिम किनाऱ्यावर तीन विमानतळ उभे राहिले, ही गोष्ट सिल्वासाच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही. हवाई इतिहासाच्या पुस्तकांतही सिल्वासाचे नाव सहसा आढळत नाही. एकाच घटनेचे दोन तुकडे असे दोन वेगळ्या कपाटांत पडून राहिले आहेत.

पोर्तुगीज सत्तेची अडचण भूगोलाने निर्माण केली होती. दमण समुद्रकाठी, तर दादरा आणि नगर हवेली हे दोन तुकडे चहूबाजूंनी भारतीय भूमीने वेढलेले. दमणहून सिल्वासाचे अंतर जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर; पण ते भारतातूनच तोडावे लागे. जुलै १९५४ मध्ये दादरा हातचे गेले, तेव्हा दमणहून कुमक पाठविण्याचा मार्ग भारताने बंद ठेवला. ११ ऑगस्ट रोजी प्रशासक कॅप्टन फिदाल्गो शरण आला. पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता पोर्तुगालचा वाटेचा हक्क मान्य केला. सशस्त्र दलांसाठी तो नाकारला, आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही असाही निर्वाळा दिला. भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली होती.

खटला रखडत होता, पण लिस्बनच्या राज्यकर्त्यांनी व्यवहारातला धडा आधीच घेतला होता. जमिनीची वाट शेजाऱ्याच्या हाती असेल तर ती केव्हाही तुटू शकते, हे सिल्वासाने दाखवून दिले होते. त्यातच भारताची आर्थिक नाकेबंदी सुरू झाली आणि १९५५ मध्ये गोव्याची रेल्वे वाहतूकही थांबली. तेव्हा उरला तो समुद्र आणि आकाश. गव्हर्नर जनरल पाउलो बेनार्द गेदिश यांच्या कारकिर्दीत गोव्यात दाबोळीच्या पठारावर, चिखलीच्या कोमुनिदादीकडून घेतलेल्या जमिनीवर, विमानतळ उभा राहिला आणि त्यास गेदिश यांचेच नाव देण्यात आले. दमण व दीव येथेही धावपट्ट्या झाल्या. १९५५ मध्येच ‘त्रान्सपोर्तेश आएरेउश दा इंदिया पोर्तुगेझा’, संक्षेपाने ‘ताइप’, ही विमान कंपनी स्थापन झाली. हेरॉन, व्हायकिंग आणि पुढे डीसी-४ जातीची तिची विमाने गोवा, दमण, दीव यांना एकमेकांशी जोडीत, कराचीस जात आणि अखेरच्या काळात लिस्बनपर्यंतही पोहोचत. अर्थात नगर हवेली परत मिळविण्यास या विमानांचा काडीइतकाही उपयोग नव्हता. तेथले आकाशही भारताचेच होते.

या सेवेचे आयुष्य उणेपुरे सहा वर्षांचे. १८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाच्या १२ कॅनबेरा विमानांनी पुण्याहून येऊन दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. टर्मिनल इमारतीस धक्का लावावयाचा नाही, असा आदेश होता आणि तो पाळला गेला. बेळगावजवळच्या सांबरा तळावरून आलेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. दमण आणि दीव येथेही हवाई हल्ले झाले. तथापि दाबोळीवर दोन विमाने शाबूत राहिली होती: एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि ‘ताइप’चे एक डीसी-४. धावपट्टीवरील खड्डे घाईने बुजवून, रात्रीच्या अंधारात, अधिकाऱ्यांची कुटुंबे घेऊन ती दोन्ही कराचीस निसटली. दुसऱ्या दिवशी शरणागती झाली. ‘ताइप’चा तो शेवट.

ही हकिकत सलग वाचावयाची म्हटली तर ती कोठे मिळते? हवाई हल्ल्याचा भाग इंग्रजी लष्करी लेखनात, कंपनीचा भाग पोर्तुगीज कागदांत, कारणाचा भाग मराठी मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत. मराठी वाचकाचे हवाई इतिहासाचे कुतूहल मात्र बहुधा एकाच जागी येऊन थांबते. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, या कथेवर लेख लिहिले गेले, वाद झाले, चित्रपटही निघाला. त्या उड्डाणाचा निर्विवाद समकालीन पुरावा इतिहासकारांच्या हाती आलेला नाही. आणि ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा या चर्चेत आधार दिला जातो, त्यातील विमाने उडणे शक्य नाही, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखविले. तळपदे यांची जिज्ञासा खोटी ठरविण्याचे यात कारण नाही. प्रश्न कागदाचा आहे. याउलट जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणले, त्याविषयी कोणी शंका घेत नाही. कारण त्याची नोंद झाली आणि ती जपली गेली.

दमणच्या धावपट्टीची नोंद अजून जपता येण्याजोगी आहे. १९५८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आले आहे. त्या वयाची जी माणसे या परिसरात आहेत, त्यांच्या आठवणी लिहून घेण्यास फार अवधी उरलेला नाही. घराघरांच्या पेट्यांत जुनी तिकिटे, वेळापत्रके, विमानटपालाचे लिफाफे असू शकतात. पोर्तुगीज भाषेत असल्यामुळे पुढच्या पिढीला ते कागद म्हणजे रद्दीच वाटणार. पणजीच्या १८३२ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात पोर्तुगीज काळातील वृत्तपत्रे आहेत. ती वाचू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, ही खरी चिंतेची बाब आहे. ग्रंथालयाने पुस्तकेच तेवढी जमवावीत, असा समज आपल्याकडे उगीचच रुजला आहे. एखाद्या गृहिणीने ‘दमणहून विमानाने दीवला गेलो’ एवढे सांगितले आणि ते तारखेसह वहीत उतरले, तरी तो दस्तऐवज होतो.

दाबोळीचा तळ १९६२ मध्ये भारतीय नौदलाकडे आला. दमणच्या विमानतळावर १९८७ पासून तटरक्षक दलाचे हवाई स्थानक आहे. दाबोळीनजीक बोगमाळोच्या वाटेवर १९९८ मध्ये नौदलाचे हवाई संग्रहालय सुरू झाले. तेथे उघड्या आभाळाखाली एक सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. १८ डिसेंबरच्या रात्री याच पठारावरून कराचीस निसटले, त्याच जातीचे. हे मात्र भारताचे. एअर इंडियाच्या सेवेत असताना त्याचे नाव ‘रानी ऑफ एलोरा’ असे होते. पुढे ते हवाई दलाकडे आणि मग सागरी टेहळणीसाठी नौदलाकडे गेले.