एक हेक्टर पाच आर

मोबाइलवर सातबारा उघडायला हल्ली मिनिटभर पुरतं. तो कागद संगणकात शिरला, ती गोष्ट मात्र तुमच्या-माझ्या फोनपेक्षा बरीच जुनी आहे. १९८८-८९मध्ये केंद्र सरकारने जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचा पथदर्शी प्रकल्प देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला. महाराष्ट्रातून निवड झाली आमच्या वर्ध्याची.

मी राहतो ते सिंदी (मेघे) वर्धा शहराला खेटून आहे. याच जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, सिंदी (रेल्वे)सुद्धा आहे. नुसतं ‘सिंदी’ म्हटलं तरी माणूस संदर्भाने ओळखतो. संगणक ओळखत नाही. कंसातला शब्द गळाला, की त्याच्यासाठी दोन गावांचं एक गाव होतं. म्हणून गावाला नावासोबत क्रमांकही लागतो.

योगायोग असा, की जून १९८८मध्येच आयबीएमने ‘एएस/४००’ बाजारात आणला. मधल्या आकाराच्या धंद्यांसाठीचा हा सर्व्हर. टेबलावरच्या पीसीतल्या याद्या आणि हिशेब त्यावर न्यायचे, तर नुसती फाइल उचलून ठेवणं पुरत नसे. ‘१’ हा आकडा अक्षर म्हणून पीसी ४९ या संकेताने साठवतो, तर एएस/४०० २४१ने. मध्ये संकेतांचं कोष्टक लागतं. आणि जागा वाचवण्यासाठी आकडे दाटीवाटीने साठवलेले असतील, त्यांनाही हेच कोष्टक लावलं, तर रकमा बिघडतात. फाइल पोहोचते, पण अर्थ वाटेतच सांडतो.

सातबाऱ्यात हा धोका किती महाग पडतो ते पाहा. समजा, एका रकान्यात हेक्टर आहे १ आणि शेजारच्या रकान्यात आर आहेत ०५. नव्या यंत्राने दुसरा रकाना निव्वळ संख्या मानला, की ०५चे ५ होतात. मग कुणी दोन्ही रकाने जोडून १.५ लिहितं. शंभर आरांचा एक हेक्टर, म्हणजे १.५ याचा अर्थ एक हेक्टर पन्नास आर. एक शून्य गळालं आणि पंचेचाळीस आर, एकराहून जास्त जमीन, कागदावर उगवली! उलटं झालं, तर तेवढीच नाहीशी होते. पीककर्ज, खरेदीखत, भावाभावांची वाटणी, सगळं याच आकड्यावर चालतं.

यंत्राला यात काहीच खटकत नाही. १.५ ही त्याच्या लेखी चांगली धडधाकट संख्या आहे. खटकतं ते धुऱ्यावर उभं राहिलेल्या माणसाला.

म्हणूनच मला या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं तंत्रज्ञान चावडी वाचन वाटतं. तालुक्या-तालुक्यांतल्या संगणकांवरची माहिती पुढे राज्याच्या सर्व्हरवर एकत्र आली. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा जुळतो का, हे पाहायला २०१७मध्ये गावोगाव संगणकीकृत सातबारे वाचून दाखवले गेले. लोकांनी ऐकायचं आणि चूक असेल तर सांगायची. त्यानंतर १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला.

सही डिजिटल झाली, तरी वाचणारा माणूसच लागतो. आज घरच्या शेताचा सातबारा उघडा. नाव आणि गट क्रमांक पाहून थांबू नका. क्षेत्र घरातल्या मोठ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. लिहिताना झालेली चूक सापडली, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५खाली दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो.